माईकवरचा आहेर

ओतूरच्या एसटी स्टँडवर सरुबाईंच्या शेजारी बसलेलं नवरा-बायकोचं जोडपं दबक्या आवाजात भांडत होतं.

“ती अंगठी आहेरात द्यायची न्हाई, सांगून ठेवतो.”

“सख्ख्या भाचीचं लगीन हाय. आत्यानं रिकाम्या हातानं जायचं?”

“माईकवर आहेर पुकारत्यात. पतसंस्थेचा सायेब मांडवात असंल. कालच त्याच्या हातापाया पडून हप्ता कमी करून घेतलाय.”

“अंगठी माझ्या शिवणकामाची हाय.”

“त्याला काय ठावं?”

“मग गुपचूप देते.”

“तुझा भाऊ गप बसंल व्हय? बहिणीनं सोनं घातलं म्हणून मांडवभर मिरवंल.”

गाडी लागली. सरुबाईंनी वाट द्यायला पाय आत घेतले, पण बायको उठलीच नाही.

“चल की!”

“तुमीच जावा. माईकवर पुकारा म्हणावं, आत्या आजारी हाय.”