तिघांचं टेबल

...तिघांसाठी! अहो बाई, चौघं, मी म्हणतोय चौघं, एक दोन तीन चार! बोटं मोजून दाखवली असती, पण फोनवर बोटं दिसतात का? आणि ती बया शांतपणे म्हणते, “हो मस्यू, ऑक्तावसाहेबांच्या नावानं टेबल राखून ठेवलंय. तिघांसाठी.” आता तुम्हीच सांगा, माणसानं चिडायचं की घाबरायचं? कारण ऑक्तावला आम्ही मार्चमध्ये पुरलंय हो!

तुम्हाला सांगतो, मी भित्रा माणूस नाही. दिजोंच्या टपालखात्यात अडतीस वर्षं पत्रं वाटली. कुत्री चावली, बर्फात सायकलवरून आपटलो, एका म्हातारीनं तर मला नवरा समजून घरात कोंडून घातलं... कधी घाम फुटला नाही. पण त्या दिवशी फोन खाली ठेवला आणि आधी दाराला आतून कडी घातली.

आता मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल गास्पार प्यायलाय. आम्ही पाच जण. मी. रेजिस, त्याचं औषधांचं दुकान होतं. अल्बाँ खाटीक, दारातून आडवा शिरतो असा देह. फेलिक्स, शाळेत संगीत शिकवायचा, आता एका कानानं ठार बहिरा. आणि ऑक्ताव. दरवर्षी नोव्हेंबरात नवी वाईन आली की आम्ही दोन दिवस ल्योंला जाणार म्हणजे जाणार. बायकांना घरी ठेवून! खायचं, प्यायचं, परत यायचं. आणि सगळा बेत ऑक्तावचा. कुठली गाडी, कुठली खाणावळ, खिडकीजवळ बसायचं की भिंतीजवळ, सकाळी नऊला न्याहारीच्या शिजवलेल्या आतड्यांबरोबर कुठली वाईन... सगळं त्याच्या निळ्या वहीत. सव्वीस वर्षं! आम्हाला विचारायची सोय नाही. आणि मरताना काय म्हणाला असेल? बायकोला म्हणाला, “ओदेत, वही माझ्याबरोबर ठेव.” ठेवली तिनं. पेटीत. त्याच्या छातीवर.

तर या वर्षी बेत आखणार कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले. “तुला पत्ते पाठ, गास्पार!” अहो, दिजोंचे पाठ! ल्योंचे कसे असतील? पण घेतलं अंगावर. हौस, दुसरं काय.

पहिला फोन नदीकाठच्या खाणावळीत, गुरुवारच्या दुपारसाठी. “झालंय की टेबल, मस्यू. ऑक्तावसाहेबांचं. तिघांसाठी.” मी म्हटलं, चेष्टा आहे. रेजिसची. त्या माणसाला असली दळभद्री चेष्टाच सुचते. दुसरा फोन बाजारातल्या जागी, शुक्रवारी सकाळच्या आतड्यांसाठी. “हो हो, तिघं ना? साहेब म्हणालेत दाराजवळ देऊ नका, मानेला वारा लागतो.” आता बघा, ऑक्तावची मान रेजिसला कुठून माहीत असणार? ते दुखणं तो फक्त मलाच सांगायचा. पण म्हटलं, असेल.

तिसरा फोन मादाम पेरूझला. शुक्रवारची दुपार. हिच्याकडे आम्ही सव्वीस वर्षं जातोय, ही बाई खोटं बोलत नाही, वाईनसुद्धा मोजून ओतते. तिनं तेच सांगितलं, आत्ता तुम्हाला म्हटलं ते. मी विचारलं, “मादाम, फोन आला कधी?”

“गेल्या गुरुवारी.”

“आवाज त्याचाच?”

“त्यांचाच हो! जरा लांबून येत होता, मातीचं काम चालू असल्यासारखं काहीतरी ऐकू येत होतं मागे. केनेलचा वरचा थर चांगला लाल होऊ दे, असं दोनदा बजावलं.”

माशाच्या त्या वड्या लाल होऊ दे! सव्वीस वर्षं हेच! दुसरं कुणी हे सांगूच शकत नाही!

बोलावलं तिघांना घरी. सांगितलं. मग फेलिक्सनं चांगला कान पुढे करून विचारलं, “पण आपण तर चौघं ना?” आणि तेव्हा, तुम्हाला सांगतो, खोलीतली हवा बदलली. तोपर्यंत आम्ही मेलेला फोन कसा करतो याच विचारात होतो. आता प्रत्येकाच्या डोक्यात एकच किडा शिरला. आम्ही चौघं, आणि टेबल तिघांचं! म्हणजे नोव्हेंबरपर्यंत एक जण...? कोण? ऑक्तावला तिकडून दिसत असणार ना सगळं! त्याचा हिशेब कधी चुकला नाही, सव्वीस वर्षांत एक खुर्ची कमी पडली नाही की एक जास्त झाली नाही!

त्या दिवसापासून काय दशा झाली म्हणता! रेजिस रोज संध्याकाळी रक्तदाबाचं यंत्र घेऊन दारात हजर. स्वतःचा मोजायचा, मग आमचे मोजायचा, आणि आमचा जास्त निघाला की चेहरा कसा खुलायचा मेल्याचा! अल्बाँनं लोणी सोडलं. खाटकानं लोणी सोडलं! फेलिक्स रस्ता ओलांडायला माझा हात धरायला लागला, आणि मला कळेना, हा मला जपतोय की मला गाडीच्या बाजूला ठेवतोय? सगळे एकमेकांशी गोड गोड. “तब्येत कशी आहे, गास्पार?” “जरा फिकट दिसतोस, गास्पार.” फिकट तुझा बाप!

शेवटी मीच म्हटलं, हे बघा, साधा उपाय आहे. एकानं घरी राहायचं. चौथा गेलाच नाही तर टेबल तिघांचं बरोबर होतं, मरायची कुणाला गरजच नाही. सगळ्यांना पटलं. टाळ्या वाजवल्या. मग मी विचारलं, राहणार कोण?

टाळ्या वाजवणारे हात खिशात गेले.

अल्बाँ म्हणाला, “मी राहिलो असतो रे, पण मादाम पेरूझची केनेल...” आणि डोळ्यांत पाणी! रेजिस म्हणाला, “मी औषधवाला, बरोबर असलेला बरा.” फेलिक्सला ऐकूच आलं नाही. सोयीचं बहिरेपण! आणि मी? मी बेत आखलेला माणूस! म्हणजे तुम्हाला सांगतो, चौघांपैकी एकेकाला मरण चाललं असतं, पण ती दुपार चुकवायला एकही तयार नाही. निघालो चौघंही.

नदीकाठच्या खाणावळीत टेबलावर तीन ताटं. मालकानं कपाळाला आठ्या घालत चौथी खुर्ची सरकवली, तिचा एक पाय आखूड. त्यावर मी. जेवण असं की प्रत्येक जण दुसऱ्याच्या घशाकडे बघतोय. अल्बाँला ठसका लागला तर तिघंही उठून उभे राहिलो, मदतीला नव्हे हो, बघायला! सकाळी नऊला बाजारात तीच तऱ्हा. भिंतीजवळ तीन जागा, दारापासून लांब. आणि मी परत आगंतुक, लाकडी पेटीवर बसलेला. माझ्या मानेला मात्र वारा लागत होता. नोव्हेंबरातला, नदीवरचा. आणि दार बंद होतं.

आता एक सांगायचं राहिलंय. राहिलंय कसलं, मी टाळत होतो.

मागच्या वर्षी, याच मादाम पेरूझकडे, चीज आलं. ते सँ-मार्सलँ, मऊ, वाहणारं, ताटलीत एकच उरलेलं. मी पाव मागायला मागे वळलो, आणि परत बघतो तर ऑक्ताव मिशा पुसतोय! अख्खं खाल्लं! माझं टाळकं सरकलं. वय एकाहत्तर आणि मी उभा राहून ओरडलो, “पुन्हा तुझ्याबरोबर एका टेबलाला बसलो तर नावाचा गास्पार नाही!” तो गाडीत खिडकीबाहेर बघत होता. मग हिवाळाभर मी गेलो नाही त्याच्याकडे. त्यानं फोन केला नाही, मी केला नाही. फेब्रुवारीत कळलं आजारी आहे. म्हटलं उद्या जाऊ. रोज म्हटलं उद्या जाऊ. अहो, चार गल्ल्यांवर घर! अडतीस वर्षं लोकांच्या दारात गेलो मी, बर्फात गेलो, आणि त्याच्या एका दारात जाता आलं नाही मला. मार्चमध्ये गेलो तेव्हा पेटी बंद होती. चीजसाठी हो. एका चीजसाठी.

तर शुक्रवार दुपार. मादाम पेरूझकडे शिरलो. भिंतीजवळ टेबल, तीन खुर्च्या, तीन रुमाल. ही बाई नेहमीच्या गिऱ्हाइकांचे रुमाल लाकडी खणात ठेवते, नावाच्या कडीत गुंडाळून. टेबलावर कड्या तीन. रेजिस. अल्बाँ. फेलिक्स.

गास्पार नाही.

ते तिघं माझ्याकडे बघायला लागले आणि हळूच, तुम्हाला सांगतो, हळूच एक एक पाऊल माझ्यापासून लांब सरकले! सव्वीस वर्षांची दोस्ती! रेजिसनं सवयीनं यंत्र बाहेर काढलं.

मी म्हटलं, “मादाम, म्हणजे... मी?”

“तुम्ही इकडे, मस्यू गास्पार.” ती मला स्वयंपाकघराच्या दाराशी घेऊन गेली. तिथे एक लहानसं टेबल. दोन खुर्च्या. दोन पेले. दोन रुमाल. एका कडीवर माझं नाव. दुसरीवर ऑक्ताव. “साहेबांनी दोन टेबलं सांगितली होती. फोनवर तुम्ही मला पुढे बोलूच दिलं नाहीत, किती आरडाओरडा तुमचा! तिघांचं तिकडे. आणि दोघांचं इकडे. म्हणाले, तो माझ्याबरोबर बसणार नाही असं म्हणालाय, पण तुम्ही बसवा.”

मी बसलो. काय करणार? बसलो.

समोरची खुर्ची रिकामी. रुमाल मात्र मोकळा झालेला, कडीतून बाहेर. मी नव्हता सोडला. मादामनं केनेल आणल्या, दोन, वरून चांगल्या लाल. दोन्ही पेले भरले. तिकडे ते तिघं पाठमोरे, माना खाली घालून असे जेवत होते जणू चर्चमध्ये बसलेत. खूप गार होतं त्या टेबलाशी, भट्टी दोन हातांवर आणि तरी गार. मी माझा पेला उचलला. मग म्हटलं, “ऑक्ताव, चुकलं माझं. यायला हवं होतं मी.” एवढंच. समोरच्या पेल्यातली वाईन हलली. ट्राम गेली असेल बाहेरून. मादाम म्हणते तिच्या गल्लीत ट्राम नाही.

आणि मला काय झालं, मी बोलायला लागलो. हिवाळ्यापासूनचं सगळं. ओदेत बरी आहे, तुझी सायकल मी तेल घालून ठेवलीय, अल्बाँनं लोणी सोडलं. तेव्हा समोर कुणीतरी नाकातून हसलं असं वाटलं. भीती? होती ना. मानेवरचा केस न् केस उभा होता. पण उठावंसं वाटेना. नऊ महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो मी. समोरचा पेला उतरत गेला, माझ्याइतकाच, घोटाला घोट. मी बघत होतो, आणि बघत नसल्यासारखं करत होतो.

शेवटी चीज आलं. सँ-मार्सलँ. एकच. मऊ, वाहणारं. मादाम म्हणाली, “एवढंच उरलंय.” मी सुरीनं मधोमध कापलं. मापात. अर्धं त्याच्या बाजूला सरकवलं, म्हटलं, “घे बाबा, हे तुझं. आपलं मिटलं.” डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात अल्बाँनं हाक मारली, “गास्पार! जिवंत आहेस ना रे?” मी मागे वळून म्हटलं, “आहे!” एवढाच वेळ. एक शब्द. परत वळून बघतो तर...

दोन्ही अर्धी गायब! आणि समोरच्या रुमालावर मिशा पुसल्याचा डाग!

मी पाव घेतला, ताटली पुसली आणि खाल्ला.