ढिगाऱ्यातला पाय

नाशकात क्वेट्ट्याच्या भूकंपाचा सिनेमा लागला आणि तिकिटाच्या रांगेत खलीलची छाती फुगली.

"रंगनाथ, मी मुडदा झालोय त्यात!"

"सरहद्दीवर कधी गेलास?"

"कसली सरहद्द! इथंच पांडवलेण्याच्या पायथ्याला सिनेमावाल्यांनी दगडं रचली. ढिगाऱ्याबाहेर नुसता माझा पाय. मुंगी चावली तेव्हा हलला, तेवढाच."

"मेल्यावरही स्वस्थ पडवेना तुला!"

तेवढ्यात आधीचा खेळ सुटला. गल्लीतली खातूनबी बाहेर आली. तिचा मुलगा कादर क्वेट्ट्याला लष्करात खानसामा होता, भूकंपापासून बेपत्ता.

"खलील, तिसऱ्यांदा बघितला. ढिगाऱ्यातला तो पाय माझ्या कादरचाच! लोकं मेला म्हणतात. मेलेल्याचा पाय हलतो होय रे?"

रंगनाथनं खलीलच्या पायाकडं बघितलं.

खलीलनं चपलेतली बोटं आवळली.

"मेलेल्याचा कसा हलेल, खाला?"