दावं घरी आलं

जबाब देणार: रंगनाथ पुंजाराम दहातोंडे, वय ६१ वर्षे, धंदा शेती व जनावरांची दलाली, राहणार चारी वस्ती, घोडेगाव शिवार, ता. नेवासा, जि. अहिल्यानगर.

समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी छबूबाई, मुलगा कल्याण, सून सुकन्या व नात दिशा यांच्यासह राहतो. कल्याण सुप्याला कंपनीत कामाला असून आठवड्यातून एकदा घरी येतो. मी शिवार पक्षाच्या गावशाखेचा प्रमुख आहे. एके काळी आमच्या शाखेला विचारल्याशिवाय गावचा सरपंच ठरत नसे. आता शाखेच्या पाटीवर मित्रपक्षाचा फ्लेक्स बांधलेला असतो. आम्ही सोडला की ते पुन्हा बांधतात. मुंबईत दोन्ही पक्षांचे नेते एका सोफ्यावर बसतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पंचायत समितीला आमचा गण मित्रपक्षाने मागितला. आम्ही दिला नाही. सुकन्या हिने आमच्या पक्षातर्फे अर्ज भरला. कित्येक वर्षांत शाखेच्या बैठकीला चहा उरतच आला होता, तिच्या पहिल्या बैठकीला तो कमी पडला. बायका उभ्या राहून ऐकत होत्या. मला फार बरे वाटले, हेही लिहून घ्यावे.

आमच्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून सांगतात. ज्याने रुमालाखाली हात दिला तो सौद्याला बसला, असे धरतात. गेल्या बाजारी मित्रपक्षाचा तालुकाध्यक्ष बिभीषण ठुबे माझ्याकडे आला. घरी शेळीसुद्धा पाळत नाही, पण खांद्यावर रुमाल होता. "रंगाभाऊ, हात द्या," म्हणाला. जन्माची सवय, मी दिला. रुमाल टाकल्यावर हळूच म्हणाला, "सूनबाईचा अर्ज काढून घ्या. काय घ्यायचं ते बोटावर सांगा." मी "आमच्यात विकायचं काय बी न्हाई" असे म्हणून हात ओढून घेतला. तेव्हा तो भोवतीच्या व्यापाऱ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "हात दिला न्हवं? मंग सौदा बसला. बाकीचं आमी बघतो." लोक हसले. गंमत समजून मीही हसलो, याचा मला आता संताप येतो.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी गोठ्यात खिलार जोडीतला एक बैल नव्हता. त्याचे दावे आमच्या उंबऱ्यावर गुंडाळून ठेवलेले होते. जनावर विकले तरी त्याचे दावे आम्ही देत नाही, ते विकणाऱ्याच्या घरीच राहते, अशी रीत आहे. चोर कधी दावे आणून देत नाही. ज्याला आपण रीतसर खरेदी केली असे दाखवायचे असते, तोच ते पोचवतो. मी तक्रारीला निघालो होतो. सुकन्या म्हणाली, "मामा, आत्ता ठाण्यात गेलात तर लोक म्हनतील, हरायच्या भीतीनं रडत्यात. मतदान हुऊ द्या." मी तिचे ऐकले.

आज सकाळी सुकन्या सोनईला बायकांच्या बैठकीसाठी स्कूटीवरून गेली. गळ्यात पक्षाचे हिरवे उपरणे होते. ती बैठकीला पोचली नाही. मोबाईल बंद लागतो. स्कूटी रस्त्यात कोठे दिसली नाही. दुपारी छबूबाईला तेच उपरणे उंबऱ्यावर, दाव्याच्याच जागी, घडी घालून ठेवलेले मिळाले. ठेवताना कोणी पाहिले नाही. उपरणे बघून दिशा, वय ५ वर्षे, "आई आली" म्हणत सगळ्या खोल्या हिंडली. गोठ्यातही बघून आली.

मी बिभीषण ठुबे यास फोन केला. तो म्हणाला, "आवं, आपली मैत्रीपूर्न लढत हाय. पोचलं का सगळं घरी?" आणि फोन ठेवला. उद्या दुपारी अर्ज मागे घेण्याची मुदत संपते.

ठाणे अंमलदार साहेबांनी सांगितले की, निवडणुकीत उमेदवार सहलीला जातातच, उद्या अर्ज काढून घरी येईल, तोवर थांबा. तिला आत्ता आणून देत असतील तर शाखेची पाटी मी माझ्या हाताने उतरवतो, असे मी साहेबांना सांगितले. हे जबाबात नको, असे ते म्हणाले. मी ते लिहायला लावले.

दावे व उपरणे मी सोबत आणले आहे. या वस्तू घरात ठेवल्या तर सौदा आम्हाला मान्य आहे, असा अर्थ होतो. म्हणून दोन्ही सरकारजमा कराव्यात, अशी माझी विनंती आहे. दावे बैलाच्या चोरीबाबत जमा करून घेतले. सुनेबाबत अजून गुन्हा नाही, म्हणून उपरणे घरी घेऊन जा, असे मला सांगण्यात आले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे. सहीआधी साहेबांनी उपरणे पुन्हा माझ्यापुढे सरकवले. मी ते घेतलेले नाही. ते टेबलावरच आहे.

सही / रंगनाथ पुंजाराम दहातोंडे