जाम झालेलं हँडल

सायकलच्या दुकानात माझ्यापुढे एक जोडपं उभं होतं. मी कान लावले नव्हते हो, ते आपोआप लांबले.

"मी रुसून माहेरी गेले तेव्हा अडवलं नाहीत, आणि आज माझ्या भावाच्या दारात हजर?"

"अगं, मी नाही आलो, सायकलने आणलं! खडखडत होती म्हणून हँडलवरची टोपी करकचून आवळली, तर हँडलच जाम. वळेचना! सरळ तुझ्यापाशीच येऊन थांबलो."

मिस्त्रीने पुढचा ब्रेक दाबून सायकल हलवली.

"काका, बाजूचे बोल्ट सैल न करता टोपी आवळली, तर काही होत नाही. हे हँडल तर अजून सैलच आहे. लोण्यासारखं वळतंय."

"ऐकलंत? आता बोला!"

"वाटेत सुटलं असेल."

"हं. मिस्त्री, मागे कॅरिअर बसेल का हो?"

"रेसच्या सायकलला नाही बसत, काकू."

"मग तुम्ही सायकल हातात धरून चला. मी काय घरापर्यंत मागे पळत येऊ?"