तांब्याच्या हंड्यातलं पाणी

मंडळी, नाम झालं, आता जरा सावरून बसा. मागे खांबाला टेकलेल्यांनीही ऐका, टेकून ऐकलं तरी पुण्य तेवढंच मिळतं.

एक प्रश्न विचारतो. आपलं ज्याच्यावर प्रेम आहे, त्याला काय द्यावं? आपल्याला चांगलं वाटतं ते, की त्याला सोसतं ते?

तुम्ही म्हणाल, बुवा, यात काय विचारायचं, सोसेल तेच द्यावं. मान डोलवलीत, बरं वाटलं. पण घरी आलेल्या जावयाला तिसरी पुरणपोळी वाढताना कोण विचारतं हो? तो हात आडवा धरतो, आपण हाताखालून वाढतो. बोला, खोटं आहे का?

तर आजचं आख्यान पुराणातलं नाही. याच रत्नागिरीतलं आहे, आणि ज्यांचं आहे त्यांनीच मला सांगायला परवानगी दिलीय. एसटीच्या स्टँडवर तीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काम केलेले रघुवीर शेवडे. तुमच्यातल्या निम्म्यांनी त्यांच्या शिव्या खाल्ल्या असतील. 'लांजा गाडी लागली आहे, पुढे सरका, मागे जागा आहे.' मागे जागा कधीच नसायची. पण शेवड्यांनी आयुष्यात रिकामी गाडी सोडली नाही. रिकामं बाकडं दिसलं की त्यांना चैन पडायची नाही.

त्यांची पत्नी शालिनीकाकू. रोज संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर जाणार, पाण्यात घोटाभर उभ्या राहणार, पदरात दोन शिंपले घेऊन परत येणार. चाळीस वर्षांत खंड नाही. आणि गेल्या आश्विनात न्हाणीघरात पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आठवड्याभरात वॉकर धरून त्यांना उभं करा."

पण शेवडे उभं करतायत कसले! त्या उशीवरून मान उचलायच्या आत हे पाणी घेऊन हजर. "उठू नको. पडशील. मी आहे ना." जेवण हातात, औषध हातात, कंगवा हातात. आणि वॉकर? मंडळी, त्या वॉकरवर शेवड्यांचे पंचे वाळत असत.

प्रेम होतं बरं. खोटं नव्हतं. पण दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या, काकूंचा पाय हातात घेऊन बघितला आणि शेवड्यांना बाहेर नेऊन म्हणाल्या, "अजून अशाच निजून राहिल्या, तर पुढे कधी चालतील असं मी सांगू शकत नाही."

काकूंनी आतून ते ऐकलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. बोलणं कमी झालं, खाणं कमी झालं. समुद्राचं नाव काढेनात.

शेवडे घाबरले. आता घाबरलेला माणूस काय करतो? जे करायचं ते सोडून दुसरं काहीतरी मोठं करतो. त्यांनी ठरवलं, ही समुद्राकडे जाऊ शकत नाही ना, मग समुद्र घरात आणतो.

मुरुगवाड्याजवळ इम्तियाज मुकादम म्हणून एकाचं माशांचं दुकान आहे. खायचे नाहीत, पाळायचे. शेवडे तिथे गेले. "इम्तियाज, खाऱ्या पाण्याची टाकी हवी. लहान. हिला पलंगावरून दिसली पाहिजे. उद्या."

इम्तियाज म्हणाला, "काका, टाकी उद्या देतो. मासे पाच आठवड्यांनी."

"का? मासे संपले का?"

"मासे आहेत. पाणी तयार नाही."

त्याने टाकी आणून दिली. दोन फुटांची. माजघरात ठेवली, काकूंच्या पलंगापासून बारा पावलांवर. खाली वाळू, मध्ये समुद्रातले भोकाभोकांचे दगड, मोजून मीठ घातलेलं पाणी. मग त्याने समजावलं. ऐका, हे मलाही नवीन होतं. मासा पाण्यातच खातो, पाण्यातच घाण करतो, आणि ती घाण त्याला विष असते. मोठ्या समुद्रात ते खपून जातं, दोन फुटांच्या टाकीत नाही. ती घाण खाणारे बारीक जंतू असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते दगडात, वाळूत हळूहळू वाढायला लागतात. विरजण लावल्यासारखं आहे. भांडं हलवून दही लवकर लागत नाही.

"मग कळायचं कसं लागलंय ते?"

इम्तियाजने काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पाणी हिरवं झालं. "हे हळदीसारखं पिवळं दिसायला लागलं की पहिला जीव सोडायचा. एकच. मग थांबायचं. मग दुसरा."

शेवड्यांनी पाच आठवडे थांबायचं कबूल केलं आणि नऊ दिवस थांबले.

रिकामी टाकी, मंडळी. दिवा चालू, पाणी फिरतंय आणि आत एक प्रवासी नाही. तीस वर्षांची सवय ती. दहाव्या दिवशी सकाळच्या गाडीने कोल्हापूर गाठलं, तिथल्या कुठल्याशा दुकानातून सहा मासे घेतले, पिशव्या मांडीवर धरून परत आले आणि सहाच्या सहा टाकीत सोडले. निळे, पिवळे, पट्ट्यांचे. काकूंनी त्या दिवशी पहिल्यांदा भिंतीकडची कूस बदलली.

चौथ्या दिवशी सहाही गेले.

काकू म्हणाल्या, "झाकून टाका ती टाकी." आणि परत भिंतीकडे वळल्या.

इम्तियाज आला. नळी काढली, पाणी हिरवंगार. शेवड्यांना वाटलं आता हा ओरडणार. तो म्हणाला, "काका, ही लांजा गाडी नाही. इथे मागे खरोखरच जागा नाही."

आता शेवडे शिकले म्हणाल. थोडे शिकले. पाणी बदललं, पुन्हा सुरुवात केली आणि सहा आठवडे दात आवळून थांबले. रोज नळी घेऊन काकूंना दाखवायचे. "बघ गं, पोपटी झालं का?" काकू आधी बघायच्याच नाहीत. मग तिरक्या डोळ्याने बघायला लागल्या. मग एक दिवस स्वतःच म्हणाल्या, "आज दाखवलं नाहीत." आणि एका सकाळी पाणी हळदीसारखं पिवळं झालं. शेवड्यांनी देवापुढे साखर ठेवली. जंतूंसाठी नैवेद्य दाखवणारा रत्नागिरीतला हा पहिलाच गृहस्थ असावा.

मग एकेक जीव आला. आधी दोन गोगलगाई, काच साफ करणाऱ्या. आठवड्याने शिंपल्याचं घर पाठीवर घेऊन फिरणारा एक लहान खेकडा. मग नारिंगी रंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा एकच मासा. आणि शेवटी एक कोळंबी. लाल अंगाची, पाठीवर पांढरी रेघ, लांब मिशा. ती माशाच्या अंगावरची घाण टिपून खाते. मासा तिच्यापुढे जाऊन गप उभा राहतो, न्हाव्यापुढे बसल्यासारखा.

आता शाकाहारी शेवड्यांच्या घरात कोळंबी आली ही बातमी आळीत लपते का? शेजारचे भाटकर कुंपणावरून म्हणाले, "काय शेवडे, बाटलात म्हणे. नारळ पाठवू का?"

शेवडे म्हणाले, "ती आमच्याकडे कामाला आहे."

काकू हसल्या. आतून मोठ्याने हसल्या. तीन महिन्यांनी त्या घरात हसण्याचा आवाज आला. त्या कोळंबीचं नाव त्यांनी ठेवलं ठकूबाई.

आता इथे थांबा. पेटीवाले, सूर राहू द्या. इथे चूक आहे, आणि ती चूक आपल्या घरात कुणीही करेल.

टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून वरून रोज थोडं गोडं पाणी घालायचं. इम्तियाज म्हणाला होता, चांगलं पाणी घाला. आपल्याकडे सगळ्यात चांगलं पाणी कुठलं? बोला. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं. पूजेला तेच, सकाळी अनशापोटी प्यायला तेच. शेवडे पहाटे त्या हंड्यातलं एक भांडं काकूंना द्यायचे, एक भांडं टाकीत घालायचे. दोघींना सारखंच, म्हणायचे. हिला आणि ठकूला.

रामनवमीचा दिवस आला. शेवडे दुपारच्या जन्माच्या कीर्तनाला इथे आले. कीर्तन माझंच होतं. आणि मंडळी, मी त्या दिवशी सांगत होतो सेवेबद्दल. सेवा करावी तर अशी, की समोरच्याला बोट हलवावं लागू नये, असं मी म्हणालो. शेवडे पुढच्या रांगेत बसून डोळे पुसत होते. माझं कीर्तन अगदी रंगात आलं होतं.

इकडे घरी काकूंनी पलंगावरून पाहिलं. ठकूबाई कुशीवर पडलेली. उठायला बघते, पुन्हा कलंडते. दोन्ही गोगलगाई काचेवरून गळून वाळूत. मासा मात्र मजेत.

उशाशी फोन होता. काकूंनी इम्तियाजला लावला.

"इम्तियाज, ठकू जातेय रे."

"पाणी काय घातलंत काकू? नवीन काही?"

"नाही रे. रोजचंच. चांगलं तांब्याच्या हंड्यातलं."

इम्तियाज म्हणाला, "काकू, तांबं तुम्हांला चांगलं. तिला विष आहे. मासा थोडं सोसतो, कोळंबी-गोगलगाईंना ते अजिबात सोसत नाही. रोज थोडं थोडं साठत गेलं. तिला लगेच बाहेर काढायला हवं. टाकीशेजारी प्लास्टिकच्या बादलीत, टाकीचं पाणी बदलायला म्हणून, मी काल मिठाचं पाणी कालवून ठेवलंय, त्यात सोडा. काकांना द्या फोन."

"ते कीर्तनाला गेलेत."

"मी पालीत आहे. निघालो तरी तास लागेल. शेजारी कोणी?"

"सगळे कीर्तनाला गेलेत."

आता बघा, सगळा गाव माझ्यापुढे बसून मान डोलवतोय, आणि त्या माजघरात एक बाई, एक कोळंबी आणि मध्ये बारा पावलं.

काकू उठून बसल्या. पाय खाली सोडले. वॉकरवरचा पंचा काढून जमिनीवर टाकला. वॉकर धरला, आणि उभ्या राहिल्या. डोळ्यांपुढे अंधारी आली, ती जाईपर्यंत थांबल्या. मग एक पाऊल. थांबल्या. मग दुसरं. पाचव्या पावलाला वॉकरवर भार टाकून त्या टाकीकडे बघून म्हणाल्या, "ठकू, धीर धर, मी काही तुझ्यापेक्षा बरी नाही." बारा पावलांना किती वेळ लागला, कुणी मोजला नाही. एका हाताने वॉकर, दुसऱ्या हाताने प्लास्टिकचं भांडं. आधी ठकू. मग खेकडा. मग वाळूतून चाचपडत दोन्ही गोगलगाई.

आणि शेवडे सुंठवड्याचा द्रोण घेऊन घरी आले. पलंग रिकामा. पंचा जमिनीवर. त्यांच्या हातातला द्रोण पडला. "अगं..." म्हणत माजघरात धावले, आणि बघतात तर ही उभी. हातावरून पाणी निथळतंय.

दोन्ही हात पसरून पुढे झाले. काकू म्हणाल्या, "हात लावू नका."

"पडशील."

"पडले तर उचला. पडायच्या आधी धरू नका."

शेवडे दाराच्या चौकटीत उभे राहिले. ते मला सांगताना म्हणाले, बुवा, भरल्या स्टँडवर शंभर गाड्या अडल्या तेव्हा मला एवढं कठीण गेलं नाही. काकू बारा पावलं चालत परत गेल्या, हे मागे हात बांधून बघत राहिले. काकू बसल्या. मग म्हणाल्या, "हंड्यातलं पाणी मला द्या हवं तर. तिला नको."

मंडळी, ती सेवा खोटी होती का? नाही. हंडा खोटा होता का? तोही नाही. पण एकाचं अमृत तेच सगळ्यांचं अमृत, असं आपण धरून चालतो. विचारत नाही. विचारायला वेळ लागतो, द्यायला लागत नाही.

मलाही हे उशिरा कळलं. माझी पत्नी गेली त्याला दीड वर्ष झालं. शेवटचे तीन आठवडे ती म्हणत होती, मला घरी न्या. मी म्हणत होतो, इथे डॉक्टर आहेत, इथे सोय आहे. सोय होती. मी तिला चांगलं तेच देत होतो. असो. पुढे चला.

एका गोगलगाईचं निभावलं नाही. ठकू वाचली. इम्तियाजने तिला, खेकड्याला, उरलेल्या गोगलगाईला आणि माशाला दुकानातल्या टाक्यांत नेलं. वाळू, दगड सगळं टाकून द्यावं लागलं, कारण तांबं त्यात मुरलेलं. टाकी धुऊन पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा हिरवी नळी. आणि काकू म्हणाल्या, "मला ठकूला बघायचंय." मग रिक्षा. दुकानाच्या दोन पायऱ्या. पहिल्या दिवशी पायऱ्यांवर बसून घेतलं, चौथ्या दिवशी चढल्या. एकदा आत गेल्या तर ठकूचं नुसतं पांढरं कवच तळाशी. काकूंनी तोंडावर पदर घेतला. इम्तियाज हसून म्हणाला, "काकू, ती कात टाकते. दगडामागे बघा." ठकू दगडामागे, नवी कोरी, पूर्वीपेक्षा नखभर मोठी. काकूंनी अख्ख्या दुकानाला खडीसाखर वाटली.

आषाढात पाणी पिवळं झालं. शेवडे नळी घेऊन काकूंसमोर बसले. मंडळी, चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने पहिल्यांदा विचारलं, "काय करूया? आधी काय सोडूया, तू सांग."

काकू म्हणाल्या, "सोडा तुम्हांला हवं ते. मला भाट्याला जायचंय."

शेवड्यांच्या तोंडावर आलं होतं, वारा आहे, वाळू आहे, पाय रुतेल. ते त्यांनी गिळलं. काठी आणून दिली आणि दहा पावलं मागून चालले. काकू घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. लाट आली, काकू हलल्या, शेवडेही तिथल्या तिथे हलले. पण पुढे झाले नाहीत.

तर मंडळी, आज घरी जाल. घरात कुणीतरी आहे, ज्याच्यासाठी तुम्ही सगळं करता. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, तुला काय हवं? एवढंच. आणि विचारल्यावर गप्प राहा. उत्तर यायला वेळ लागेल, कारण कुणी कधी विचारलेलं नसतं. मला जिला विचारायचं होतं ती आता नाही, म्हणून मी तुम्हांला सांगतो.

टाळ घ्या हातात. नाम म्हणू, आणि मग लवकर घरी जा. आज मी कुणाला थांबवणार नाही.