दगडा, मामींना सांग

– तर दगडा, मामींना विचार, वाटेवरचं ते केळ्याचं साल उचललं कशाला? उचललं तर उचललं, रानात कचरा टाकू नये हे आम्हीच पाहुण्यांना शिकवतो. पण वेगळ्या पिशवीत घालून, वर गाठ मारून, माझ्याकडे असं बघत सॅकमधे ठेवायचं काय कारण? नाही, नाही, त्यांनी भात खावा निवांत. मी या दगडाशी बोलतोय. सकाळी फाटकापाशी मी कूळ विचारलं – आम्ही कारो माणसं, कूळ विचारल्याशिवाय गप्पांना सुरुवातच होत नाही – तर म्हणाल्या, सेंबिरिंग. झालं! माझी सासू सेंबिरिंगांचीच लेक, वयानंही एवढीच. म्हणजे नात्यानं या माझ्या मामी, सासूच्या जागी, आणि जावयानं सासूशी थेट बोलायचं नाही. मधे कोणीतरी लागतं. माणूस नसेल तर भिंत, भिंत नसेल तर दगड. घरी अकरा वर्षं मी भिंतीशी बोलतोय, कालवण अळणी झालं तरी तिलाच सांगतो. आता तूच सांग – मेदान शहरातून बाई एकटी येते, गळ्यात कॅमेरा, तो एकदाही डोळ्याला लावत नाही, आणि कूळ नेमकं असं सांगते की गाईडला काही विचारायची सोयच राहू नये. हा योगायोग? मला नाही वाटत.

वन खात्याच्या आहेत. शहरातली माणसं पहिली जळू चिकटली की गाव गोळा करतात, यांनी चिमटीत धरली आणि पानावर ठेवली. ठेवली! गिबन वानर ओरडला तर मान वर नाही, शेपटीवाली माकडं डोक्यावरून गेली तर बघितलं न बघितलं, आणि झाडाकडे तोंड करून तीनदा तेच – उलिना कुठे दिसते? मी म्हटलं, झाडा, सांग, दिसेल तेव्हा दिसेल. उलिना कोण हे यांना ठाऊक नाही असं थोडंच आहे? गेल्या महिन्यात एका परदेशी बाईची सॅक जिनं ओढली, बाई सोडेना म्हणून मनगटाला चावली, ती ओरांगउटान. पोटाशी पिल्लू आहे तिच्या. आता खातं म्हणतं, ही माणसांच्या खाण्याला चटावली, धोक्याची झाली, धरा आणि डोंगरापलीकडे नेऊन सोडा. पलीकडे! अरे, कुठल्या ओढ्याकाठचं उंबर कधी पिकतं ते तिला इथलं पाठ आहे, पलीकडे ती लेकराला काय खाऊ घालणार? हसू नका – म्हणजे दगडा, त्यांना सांग हसू नका.

आणि चटावली तर कोणी चटावली? ते शोधायला माणूस येणार असं कॉफीच्या दुकानात सगळे बोलतायत. माणूस म्हणत होते, बाई येईल असं कोणी म्हणालं नाही, ही त्यातली हुशारी. मला विचारशील तर तो दुसरा गाईड, योनास. दहा मीटर लांब राहा, खाणं दाखवू नका, खोकला असेल तर रानात येऊ नका – पाहुण्यांपुढे सगळं घडाघडा म्हणतो, पण त्याच्या पाहुण्यांना उलिना दरवेळी कशी दिसते? माझ्याही पाहुण्यांना दिसते, पण ते माझ्या नजरेमुळे. योनासकडे काय आहे? मोठी पिवळीधमक केळी आणतो सॅकमधून. ती तर उलिना फेकूनच देते, तिला बोटाएवढी लागतात, काळे ठिपके आलेली, सालीसकट –

काय? अशा काय बघताय? लांबून दिसतं ना. दहा मीटरवरून ठिपके दिसतात मला. नजर चांगली आहे म्हणालो ना मघाशी!

मामी, हलू नका. मागे बघू नका. बोललो थेट, माफ करा, पण ती आलीय. तुमच्या मागच्या फांदीवर. भाताची पुडी मिटा, सॅकखाली सारा, हळूच उठा आणि दोन-दोन पावलं मागे – नदीकडे. असं. धावायचं नाही. खाली येईल, तुमच्या सॅकशी थांबेल, वास घेईल – थांबली नाही. नाही थांबली, माझ्याकडेच येतेय. उलिना, जा. वर जा. अगं आज नाहीये काही. सॅकच्या डाव्या खिशात काही नाही. आज नाही आणलं.

...

आज, असं म्हणालो मी. ऐकलंत.

दगडा, आता तूच ऐक, मामींनी ऐकलं तर ऐकलं. गेल्या पावसाळ्यात उंबरं पिकली नव्हती, पिल्लू आठवड्याचं, हिच्या बरगड्या मोजून घ्याव्या. एक केळं दिलं. एकच द्यायचं होतं. मग पाहुणे खूश झाले, फोटो निघाले, लोक माझं नाव घेऊन यायला लागले, आणि मला – खोटं कशाला बोलू – मला आवडायला लागलं, एवढ्या रानात तिनं मलाच ओळखावं हे. आणि त्या परदेशी बाईची सॅक निळी होती. माझी बघ. हाच रंग, खिसा डाव्याच बाजूला. उलिना चोर नाही रे. तिला वाटलं मी आलो. मी वीस पावलांवर उभा होतो आणि सगळ्यांबरोबर मीही ओरडलो, चटावली, चटावली.

हा माझा गाईडचा बिल्ला. हातात देता येत नाही, दगडावर ठेवतो, उचलून घ्यावा. खात्याला सांगावं की खोड तिला नाही, या सॅकला आहे. सॅक रानाबाहेर गेली, मी गेलो, की ती विसरेल, तिला हलवू नका. योनासचं नाव घेऊ नका, त्याचं मी नुसतंच म्हणालो.

पाणी गढूळ व्हायला लागलंय, वर पाऊस झाला असणार. खाली नदीत तरंगत जायच्या ट्यूबा बांधून ठेवल्यात, ट्यूबवाला मामींना गावापर्यंत नेईल, वळणावर पाय आत घ्या म्हणावं. आणि दगडा, मामी खरंच नुसत्या फिरायला आल्या असल्या तर – नको. नको सांगू मला. जा म्हणावं त्यांना. मला उठता येत नाही, हिचा हात अजून खिशात आहे.