गुड फ्रायडेचे बटाटे

...नाही, तुम्हीच सांगा, ओव्हनमध्ये माणूस काय ठेवतो? केक ठेवतो, पाव ठेवतो, फार तर कालचं उरलेलं गरम करायला ठेवतो. ईस्टरसाठी कोकराच्या आकाराचा केक करायचा म्हणून मी लोणी फेटलं, साचा माखला, ओव्हनचं दार उघडलं, तर आत काय? मॅग्नेटो! ट्रॅक्टरला ठिणगी देणारा तो काळाकुट्ट लोखंडी गठ्ठा, माझ्या पावाच्या जाळीवर ऐटीत बसलेला. आणि मागे माझा नवरा लायनस उभा, हातात माझाच फुलाफुलांचा हातमोजा. म्हणतो, "हिवाळ्यात ओल धरली गं त्याने. मंद आचेवर भाजला की झालं. आता फक्त एवढं एकच राहिलंय."

आता फक्त एवढं एकच राहिलंय! तुम्हाला सांगते, बर्फ वितळल्यापासून मी हे एकच वाक्य ऐकतेय. बॅटरी माझ्या जेवणघरातल्या शेगडीजवळ शेकत बसली होती तेव्हा हेच. कार्बोरेटर माझ्या टर्कीच्या भांड्यात रॉकेलमध्ये डुंबत होता तेव्हाही हेच. लग्नात मिळालेलं भांडं हो ते! त्यात आता काहीही शिजवलं तरी पाहुणे विचारतात, "बर्नेटा, हा मसाला कुठला?"

बरं, ट्रॅक्टर तरी कसला? सासऱ्यांच्या हातचा. एके काळी लाल होता म्हणतात, आपण म्हणायचं हो. वर्षभर गोठ्यात उभा असतो आणि वसंतात एकदाच लागतो, माझा बटाट्याचा तुकडा नांगरायला. मोठी शेतं दीर करतो, अर्बन, त्याच्याकडे नवं यंत्र आहे, आत गार हवा, गाणी, खुर्ची अशी की आमच्या सोफ्याने लाजावं. अर्बनने आत्ता मार्चमध्ये खताच्या दुकानात सगळ्यांसमोर म्हटलं, असं सावकाश, प्रत्येक शब्द चघळत, "लायनस... ते डबडं... गावच्या बागेत देऊन टाक. पोरं... चढून खेळतील." दुकानभर हशा. आमचा हसला नाही. घरी येऊन नुसता गोठ्यात जाऊन बसला. गेल्या वर्षी त्याचा गुडघा बदललाय, तेव्हापासून जो तो त्याला काही ना काही देऊन टाकायला सांगतोय, आणि खरं सांगू, मला त्याचं वाईट वाटतं.

पण म्हणून माझा गुड फ्रायडे चुकवायचा? आमच्याकडे बटाटे लावायचे ते गुड फ्रायडेलाच. त्या दिवशी मातीवर सैतानाची सत्ता चालत नाही, असं माझी आई म्हणायची, आणि तिचा एकही शुक्रवार चुकला नाही, माझाही नाही. तेव्हा लावले की चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या जेवणाला, टेबलावर नवे बटाटे. आणि चार जुलैला नवे बटाटे आधी कोणाच्या टेबलावर, माझ्या की माझ्या जावेच्या, हा प्रश्न आमच्या घरात फार मोठा आहे. जाऊ म्हणजे अर्बनची लोरेटा. गोड बोलते, इतकं गोड की दात दुखावेत. "अगं, अर्बन दहा मिनिटांत नांगरून देईल, तू नुसता शब्द टाक." मी शब्द टाकला असता हो, पण मग नवऱ्याला तोंड काय दाखवणार? त्याला अर्बनचं यंत्र आमच्या फाटकातून आत आलेलं बघण्यापेक्षा गवत खाणं बरं वाटलं असतं.

तर मी थांबले. आणि मध्येच नांगराचं प्रकरण निघालं. नांगराच्या पात्याला हिवाळ्यात वंगण लावून ठेवायचं असतं, नाहीतर गंज चढतो आणि माती चिकटते. आमच्या हुशाराने शरद ऋतूत काय लावलं? माझ्या चुलीमागच्या डब्यातली बेकनची चरबी! वंगण संपलं होतं म्हणे. मग हिवाळाभर आमचा कुत्रा ड्यूक गोठ्यातून हलेना. मी आपली कौतुकाने सांगत फिरले, बघा मुकं जनावर, धन्याच्या ट्रॅक्टरची कशी राखण करतंय! राखण कसली, पातं चाटत होता. वसंतात बघतो तर नांगर गंजून विटेसारखा आणि ड्यूक फुगून पिंपासारखा. मग काय, विटेचा तुकडा आणि माझ्या भांडी घासायच्या सगळ्या घासण्या घेऊन लायनस आठवडाभर पातं घासत बसला. म्हटलं, अजून किती? वर न बघता म्हणाला, "चकाकी आली की संपलं. आता फक्त एवढं एकच राहिलंय."

आणि शुक्रवार उजाडला. मॅग्नेटो भाजून जागेवर बसला, बॅटरी शेकून तयार, पातं असं की त्यात तोंड बघावं. कळ फिरवली. काही नाही. परत फिरवली. ट्रॅक्टर नुसता खाकरला आणि गप्प. झाकण उघडलं तर ठिणगीच्या सगळ्या तारा उंदरांनी कुरतडलेल्या! आता उंदीर खातात तर राखणीला बसलेला ड्यूक काय करत होता? तो चाटत होता. लायनस गाडी काढून तालुक्याला गेला, तारा शोधायला, सणाच्या दिवशी, निम्मी दुकानं बंद.

मी खिडकीतून बघत राहिले. ऊन पडलेलं, माती कशी मऊ, आणि बेण्याच्या बटाट्यांचं पोतं दारात. मी काय केलं असेल? घेतलं फावडं, बांधला रुमाल, आणि त्या तुकड्याच्या मधोमध तीन ओळी खणून पोतंभर बटाटे लावून टाकले. छोटे छोटे, अख्खेच लावतो आम्ही. वरून दंताळ्याने सारखं केलं, आणि त्याला एकदम दिसून वाईट वाटू नये म्हणून वर जुना पेंढा पसरला. एवढी माझी अक्कल! हात धुतले आणि तीनच्या प्रार्थनेला चर्चमध्ये जाऊन बसले. शेजारी लोरेटा. तिने माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. लांब मोज्यांवर गुडघ्याशीच माती. तिने ते बरोबर लक्षात ठेवलं.

संध्याकाळी सांगणार होते, देवाशपथ. पण लायनस आला तो तारांचं पुडकं टेबलावर ठेवून असा बसला, टोपीसुद्धा काढली नाही. म्हणाला, "बर्नेटा, मी तुझा शुक्रवार चुकवला गं." आता अशा माणसाला काय सांगता, की मी तुझी वाट न बघता उरकून घेतलं? अर्बनने डबडं म्हटलं ते राहिलं बाजूला, मीच त्याला मोडीत काढल्यासारखं झालं असतं. मी म्हटलं, शनिवारी लावले तरी बटाटेच येतील, वांगी नाही येणार. सकाळी सांगू, असं ठरवून झोपले.

सकाळी मी हॅम आणायला खाटकाकडे गेले, आणि तिथे ही रांग. परत येताना वळणावरच ऐकू आलं. फट् फट् फट् फट्... तुम्हाला सांगते, मी तशीच घाईघाईने फाटक गाठलं. आनंदाने की भीतीने ते मला अजून कळलेलं नाही. फाटकातून आत बघते तर निळ्या धुराचा लोट, आणि त्यात सासऱ्यांच्या त्या लोखंडी बैठकीवर आमचा लायनस, ताठ, दुखरा गुडघा बाजूला पसरलेला, आणि मागे तास काय सरळ, जशी दोरी धरून आखलेली! सगळा तुकडा नांगरून झालेला. सगळा. पेंढ्यासकट.

मला बघून इंजिन चालू ठेवूनच खाली उतरला आणि बादली घेऊन आला. म्हणाला, "हे बघ काय निघालं! गेल्या वर्षीचे राहिलेले बटाटे. एवढी थंडी काढून कसे टणटणीत! नांगर खोल गेला म्हणून निघाले गं, अर्बनचं यंत्र नुसतं वरवर खरवडतं. बाबांची जमीन आहे ही, बर्नेटा." आणि हसला. गुडघा बदलल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी बादलीत बघितलं. माझे शुक्रवारचे बटाटे. मी काय म्हणाले? म्हणाले, "खरंच की, कमालच आहे."

ईस्टरला सगळे जेवायला आमच्याकडे. हॅम, किंचित मॅग्नेटोचा वास मारणारा कोकराचा केक, आणि मधोमध वाडगाभर बटाटे. लायनसने वाडगा हातात घेऊन सगळी कथा सांगितली, खोल नांगर, बाबांची जमीन, सगळं. अर्बन चघळायचा थांबला. "गेल्या वर्षीचे? हिवाळाभर... जमिनीत? कुजतात ते." लोरेटाने वाडग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खाली माझ्या गुडघ्यांकडे. संपलं, म्हटलं, हिला सगळं कळलं. आता ही बोलणार आणि चार जुलैपर्यंत बोलतच राहणार.

लोरेटाने ताट पुढे केलं. "चांगल्या जमिनीत नाही कुजत, अर्बन. लायनस, मला अजून दोन वाढ." तुम्हाला सांगते, ज्या बाईशी मी जन्मभर बटाट्यांवरून भांडले, तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं मला. आता चार जुलैला तिचेच बटाटे आधी येणार, आणि मला त्यावर चकार शब्द काढता येणार नाही!

सगळे गेले. भांडी घासताना मी म्हटलं, मग सोमवारी लावू या ना बटाटे? बेणं आणते नवीन. लायनस म्हणाला, "लावू की. कुळवाने ढेकळं फोडली की लगेच. कुळवाचं बेअरिंग तेवढं गेलंय, नवं गरम करून बसवावं लागेल. आता फक्त एवढं एकच राहिलंय." आणि जरा थांबून, लाडाने हो, "ओव्हन रिकामा आहे ना गं?"

काय करता... मीच दार उघडून दिलं, आणि फुलाफुलांचा हातमोजाही.